भाऊ नसल्याचा दाखला

फोटो धुण्याच्या हायपोचा वास ज्याच्या नाकात लहानपणी बसला, त्याला तो जगाच्या पाठीवर कुठेही ओळखू येतो. आंबूस, किंचित गंधकासारखा, ओल्या लाकडाच्या टेबलाचा आणि काळ्या पडद्याचा वास त्यात मिसळलेला. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या एका दमट रविवारी, बाहेर पानगळीचा ओला तांबूस थर फुटपाथला चिकटून बसला असताना, मी जेवणाच्या टेबलावर जुन्या फोटोंचं पाकीट उपडं केलं आणि तो वास आला. इतक्या वर्षांनी कागदात काही उरलं असणं शक्य नाही, हे मला कळतं. इस्पितळाच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणाऱ्या बाईला रसायनं किती टिकतात हे ठाऊक असतं. तरी आला खरा.

फोटो हवे होते ते पुराव्यासाठी. ऐंशीचं दशक सरत आलं होतं आणि मी आईला कायमची इकडे आणण्याच्या खटाटोपात होते. वडील जाऊन चार वर्षं झाली होती. मी एकुलती एक. आई कराडात दोन खोल्यांत एकटी राहायची, एका गुडघ्यानं तिच्याशी असहकार पुकारला होता, आणि दर रविवारी फोनवर ती “मी बरी आहे गं” हे इतक्या खणखणीत आवाजात सांगायची की फोन ठेवल्यावर माझा उरलेला दिवस वाईट जायचा. स्पॉन्सर म्हणून मी जे निवेदन दिलं त्यात तिचं वय, तिचा गुडघा, तिचं एकटेपण हे सगळं नीट लिहिलं होतं. माझ्याबद्दल लिहिण्यासारखं काही नव्हतं, निदान तेव्हा मला तसं वाटलं. नवरा डॉक्टर, एका इस्पितळातून दुसऱ्या इस्पितळात अशा नेमणुका घेत त्या वर्षी एडिनबराला होता, पंधरा दिवसांनी शनिवारी यायचा आणि रविवारी दुपारी परतायचा. आमची मीरा नऊ वर्षांची. शाळेतून आली की शेजारच्या मिसेस पटेलांकडे टीव्ही बघत बसायची आणि मी सहाला तिला घ्यायला गेले की माझ्याकडे न बघता बूट घालायची. हे कुठल्या फॉर्मवर लिहिणार?

नियम तसा साधा होता. आई विधवा असावी, इथल्या मुलावर अवलंबून असावी, आणि तिच्या देशात जिच्याकडे किंवा ज्याच्याकडे ती आधाराला जाऊ शकेल असं दुसरं जवळचं नातेवाईक कुणी नसावं. वाचताना मला वाटलं, आपली आई या नियमासाठी मापं घेऊन शिवल्यासारखी आहे. मी इतकी निर्धास्त होते की मधल्या खोलीचे पडदेही बदलून टाकले. मग मुंबईच्या मुलाखतीनंतर काही आठवड्यांनी नकाराचं पत्र आलं. कारण एका वाक्याचं होतं: आजारपणात आपली काळजी आपला भाऊ घेतो, असं अर्जदार बाईंनी स्वतः सांगितलं आहे.

आईला भाऊ नव्हता. म्हणजे, होता. इथे मला थोडं मागं जायला हवं.

आई लहानपणी भाऊबिजेला चंद्राला ओवाळायची. ज्या मुलींना भाऊ नसतो त्यांनी बीजेच्या चंद्राला भाऊ समजावं, अशी आपल्याकडे रीत. तिच्या माहेरी तिघी बहिणी अंगणात तबक घेऊन पश्चिमेकडे बघत उभ्या राहायच्या, आणि कोर अशी हडकुळी की दिसते न दिसते तोच मावळायची. बाकीच्या दोघी पुढे लवकर गेल्या. आई लग्न होऊन कराडला आली त्या पहिल्या दिवाळीत, भाऊबिजेच्या दिवशी, वडिलांबरोबर फोटो काढायला समोरच्या स्टुडिओत गेली. त्या दिवशी स्टुडिओ तुडुंब. गावातल्या साऱ्या बहीणभावांना त्याच दिवशी फोटो काढायचे. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर आईनं त्या तरुण फोटोग्राफरला विचारलं, तुम्ही घरी कधी जाणार, बहीण वाट बघत असेल. तो म्हणाला, मला बहीण नाही, म्हणून तर आजच्या दिवशी दुकान उघडं ठेवायला परवडतं. आई उठली, रस्ता ओलांडून घरी गेली आणि पाट, तबक, निरांजन घेऊन परत आली. स्टुडिओच्या मागच्या पडद्यावर एक निळं तळं आणि पांढऱ्या कठड्याचा जिना रंगवलेला होता. त्या तळ्यासमोर पाट मांडून तिनं त्याला ओवाळलं. तो रघूमामा. त्या दिवसानंतर आईनं चंद्राकडे त्या कामासाठी कधी पाहिलं नाही.

मला तर तो मानलेला मामा आहे हेच दहाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतं. शाळेत कुणीतरी विचारलं, तुझ्या मामाचं आणि आईच्या माहेरचं आडनाव वेगळं कसं; तेव्हा घरी येऊन मी जाब विचारला होता. मामानं लग्न केलं नाही. कुणी टोकलं की म्हणायचा, “दुसऱ्यांची एवढी लग्नं जवळून पाहिलीयत, पुरे.” वडिलांच्या शेवटच्या दुखण्यात मी पोचेपर्यंत उशाशी तोच होता.

तर असा हा भाऊ. मुलाखतीत आईला विचारलं, आजारी पडलात तर कोण येतं? ती म्हणाली, रघू येतो. कोण रघू? भाऊ. दुभाषी बाई आपल्यातल्याच असाव्यात; त्यांनी हळूच विचारलं, आजी, सख्खा की मानलेला? हे सगळं आईनंच मला फोनवर सांगितलं, आणि तेही आपण काही चुकलो असं न मानता.

“मग तू काय म्हणालीस?”

“भाऊ म्हटलं. चाळीस वर्षांनी आता त्यात सख्खा न् मानलेला कुठून आणू?”

“आई, अगं तेवढा एक शब्द बोलली असतीस तर आत्ता इथं असतीस!”

“आणि परत जाऊन त्याला काय तोंड दाखवलं असतं?” आई म्हणाली, आणि मिनिटं चाललीयत तुझी, म्हणून फोन ठेवून दिला.

मी भयंकर चिडले. आमच्या लॅबमध्ये लेबल नसलेली बाटली आली तर आतला नमुना कितीही चांगला असो, आम्ही तो तपासत नाही, फेकतो. आईनं आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या नात्यावर चुकीचं लेबल लावून ते सरकारकडे पाठवलं होतं, असं माझं मत झालं. ते लेबल सोलून काढण्याचं काम आता माझ्याकडे आलं.

बेलग्रेव्ह रोडवर एका साड्यांच्या दुकानाच्या माडीवर आमचे सॉलिसिटर बसायचे. वयस्कर, गुजराती, मृदू बोलणारे गृहस्थ. खालून जिलेबीचा आणि कोऱ्या सिल्कचा वास वर यायचा. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, “बेन, ब्लड रिलेशन नाही ना? मग सिंपल आहे. त्या भाईकडून अ‍ॅफिडेव्हिट घ्या. आय अ‍ॅम नॉट हर ब्रदर, एवढंच. आणि फॅमिलीचे फोटो आणा, लग्नाचे, सणांचे. ब्रदर असता तर फोटोत असता.”

म्हणून तो रविवार, ते टेबल आणि ते पाकीट. खरोखरच रघूमामा कुठल्याच फोटोत नव्हता. माझ्या बारशात नाही, मुंबईच्या सहलीत नाही, वडिलांच्या साठीत नाही. सगळे फोटो त्यानंच काढलेले; प्रत्येकाच्या पाठीवर त्याच्या स्टुडिओचा जांभळा शिक्का आणि पुढच्या बाजूला कॅमेऱ्यामागच्या कुणाकडे तरी बघून हसणारे आम्ही. एकच फोटो निराळा निघाला. माझ्या लग्नात, बोहल्यावर, नवरीच्या पाठीमागे मामानं उभं राहायचं असतं तिथे तो उभा होता. त्या पाच मिनिटांपुरता त्यानं कॅमेरा वडिलांच्या गळ्यात अडकवला होता, आणि वडिलांनी जन्मात काढलेला हा एकुलता एक फोटो; त्यात माझं अर्धं कपाळ कापलं गेलेलं, अंतरपाट तिरका, पण मामा मात्र बरोबर मधोमध, फोटो बिघडतोय हे कळत असून गप्प राहावं लागलेल्या कारागिराच्या चेहऱ्यानं. सॉलिसिटरांनी गठ्ठ्यातून तो अलगद बाजूला काढला. “हा नको. केस कन्फ्यूज होईल.” मी तो पर्समध्ये ठेवला. काही खोटं करत होते असं नाही. तरी घरी येताना बसमध्ये ती पर्स मी मांडीवर न घेता शेजारच्या सीटवर ठेवली.

फेब्रुवारीत रजा काढून, मीराला मिसेस पटेलांकडे सोपवून मी कराडला गेले. मसुदा बरोबर होता. आईला यातलं काही सांगायचं नाही, हे मी विमानातच ठरवलं होतं. तिनं तत्त्वाचा प्रश्न केला असता. दुपारी ती पडल्यावर मी रस्ता ओलांडला. स्टुडिओत आता रंगीत फोटोंसाठी पुण्याला फिल्म पाठवायचे, त्यामुळे अंधाऱ्या खोलीला काम उरलं नव्हतं, पण पडद्यावरचं तळं तसंच होतं, कठड्याचा रंग मात्र गुडघ्यांच्या उंचीवर उडालेला. खिळ्याला तो काळा कोट टांगलेला होता, स्टुडिओचा कोट. ज्यांच्याकडे स्वतःचा नसे त्यांनी फोटोपुरता चढवायचा. कराडातल्या निम्म्या पुरुषांचा रुबाब त्या एका कोटातून आलेला.

मी बोलायची तयारी करून गेले होते. नियम काय, कलम काय, आईचं तिथं किती छान होईल. मामानं सगळं ऐकलं आणि कागद हातात घेतला. मराठी मसुद्यात लिहिलं होतं की सदर बाईंशी माझा रक्ताचा, विवाहाचा अथवा दत्तक विधानाचा कोणताही संबंध नाही, त्यांच्या पालनपोषणाची जबाबदारी माझ्यावर नाही व ती मी घेऊ शकत नाही. त्यानं ते फोटोची निगेटिव्ह बघतात तसं खिडकीशी धरून वाचलं. दोनदा वाचलं. मला वाटलं, आता हा रडेल किंवा मला हाकलून देईल, आणि दोन्हींपैकी काहीही झालं असतं तरी मी सुटले असते.

“शेवटचं वाक्य खोटं आहे,” तो म्हणाला. “घेऊ शकतो की.”

“मामा, कायद्याची भाषा असते ती.”

“असेल. आज ठेव माझ्याकडे. उद्या येतो नोटरीकडे.”

दुसऱ्या दिवशी तो आला तो दाढी करून, स्टुडिओचा कोट घालून. बाह्या बोटभर आखूड होत होत्या. नोटरीनं विचारलं, या बाई तुमच्या कोण? मामा म्हणाला, “कोणी नाही.” सही केली, अंगठ्याला शाई नको म्हणाला, आणि बाहेर येऊन मला उसाचा रस पाजला, लहानपणी पाजायचा तसा, आलं जास्त घालून. आम्ही दोघं ग्लास हातात धरून गाड्याजवळ उभे होतो. मला त्याची क्षमा मागायची होती. “बर्फ कमी घालायला हवा होता,” एवढंच मी बोलले.

एका गोष्टीची मला तेव्हाच बोचणी लागली होती आणि पुढे ती वाढतच गेली. नकार देणारा तो मुंबईचा अधिकारी, ज्याला मी मनातल्या मनात हजार शिव्या घातल्या होत्या, त्यानं काय चूक केली होती? या बाईला आधाराला जवळचं माणूस आहे, एवढंच तो म्हणाला होता. आमच्या घरातल्या या नात्याला कुठल्याही सरकारनं दिलेली तेवढीच एक मान्यता, आणि ती रद्द करून घ्यायला मी पाच हजार मैलांवरून शिक्का मारायला आले होते.

अपील मान्य झालं. उन्हाळा संपता संपता आई हीथ्रोला उतरली, पायात मोजे आणि त्यावर चप्पल, हातात बारक्या नक्षीची पिशवी. तिच्या पासपोर्टवर कितीही काळ राहायची मुभा देणारा शिक्का पडला. मी तो शिक्का तिथेच, ट्रॉलीवर पासपोर्ट उघडून, दोनदा वाचला. आई म्हणाली, “चल आता, पोर कुठाय?” पुढच्या दोन महिन्यांत घराचा वासच बदलला. संध्याकाळी सहाला दार उघडलं की फोडणीचा वास आणि आत दिवा. मीरा टेबलाशी बसून आजीला स्पेलिंगं शिकवतेय आणि आजी तिला दामटून भात भरवतेय. पहिल्या आठवड्यात एकदा मी कोट न काढताच जिन्याच्या पायरीवर बसून रडले होते, सुखानं, आणि कुणाला कळू दिलं नव्हतं.

आई रघूमामाचं नाव काढत नसे. पत्रं यायची, ती वाचून उशीखाली ठेवायची. तिनं विचारलंच असतं की अचानक अपील कसं मान्य झालं, तर काय सांगायचं ते मी तयार ठेवलं होतं. पण तिनं विचारलं नाही आणि मीही तो लग्नातला फोटो पर्समधून काढून ड्रॉवरच्या तळाशी घातला. तिला एकटीला खिडकीशी बसलेली पाहिलं की वाटायचं, हिला कळलं तर ही मला माफ करणार नाही. कळलं नाही तरी मी हिचा भाऊ काढून घेतलाच आहे.

दिवाळी जवळ आली तशी ती एका विचित्र गोष्टीच्या मागे लागली. ऑक्टोबरअखेर इथे घड्याळं तासभर मागे करतात, हे तिला कुणीतरी सांगितलं. मग तिचं सुरू झालं: आता तिकडे किती वाजले? आणि मागे केल्यावर किती वाजतील? नक्की ना? मी कामावरून दमून यायची, एकदा दोनदा सांगितलं आणि मग खेकसले. मनात भीतीही चाटून गेली, या वयात माणसं अशी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारू लागतात. शेवटी मीरानं तिला कागदावर दोन घड्याळं काढून दिली. “आजी, आधी फोर अँड अ हाफ अवर्स होता. आता फाइव्ह अँड अ हाफ झाला. इंडिया पुढे आहे, आपण मागे.” आजीनं ते चित्र फ्रिजवर लावून घेतलं.

भाऊबिजेच्या आदल्या दिवशी माझ्या डोक्यात एक कल्पना आली, आणि ती आल्याचं मला फार बरं वाटलं. “आई, उद्या मी हाफ डे घेते. चारला पार्कच्या टेकडीवर जाऊ, तिथून पश्चिम मोकळी दिसते. तू लहानपणी ओवाळायचीस तसं चंद्राला ओवाळ.” ती भाजी निवडत होती. तिनं मान वर केली, माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, “बघू.”

दुसऱ्या दिवशी एकच्या सुमाराला मी घरी आले. पावसाळी, राखी उजेडाची दुपार. शाळेला सुट्टी होती म्हणून मीरा घरात होती. स्वयंपाकघराच्या लायनोच्या फरशीवर तांदळाच्या पिठीची रांगोळी, मध्ये मीराच्या बारशाला आणलेला पाट, आणि पाटावर कोणीही नाही. तबकात निरांजन, सुपारी, आईची अंगठी, अक्षता, करंजी. आई नवी साडी नेसून शेगडीवरच्या घड्याळाकडे बघत उभी होती आणि मीरा चित्राकडे बोट धरून सांगत होती, “अजून टू मिनिट्स आहे, आजी.”

“हे काय? आणि कुणाला?”

“रघूला,” आई म्हणाली. “तिकडे पावणेसात होतायत. पाटावर बसला असेल तो, तळ्यापुढं. कोट घालून.”

माझ्या हातातली पिशवी तशीच राहिली. “हे कधी ठरवलंत तुम्ही?”

तिनं काडी ओढली, वात पेटू दिली. “तू कागद घेऊन आलीस त्याच दिवशी. तू बाजारात गेलीस तेव्हा आला, सगळा वाचून दाखवला. म्हणाला, ताई, तुला विचारल्याशिवाय मी सही करणार नाही.”

“आणि तू करू दिलीस? मुलाखतीत साधा एक शब्द बोलली नाहीस ती?”

“तेव्हा मला वाटत होतं, तू माझ्यासाठी बोलावतेयस. त्या दिवशी रघू म्हणाला, ताई, पोरीचा चेहरा नीट बघितलास का? मी एवढे चेहरे बघतो. ती तिथं एकटी आहे. तिला कोण आहे?” आईनं तबक उचललं. “म्हटलं, कर सही.”

आईला न सांगता आखलेला बेत, ड्रॉवरच्या तळाचा फोटो, आठ महिन्यांची बोचणी, सगळं मी एकटीच वाहत आले होते; आणि ज्या माणसानं मला कायम फोटोबाहेरून पाहिलं होतं तो या क्षणी, बंद दुकानात, रंगवलेल्या तळ्याला पाठ करून ताठ बसला होता.

“वन मिनिट,” मीरा म्हणाली.

“सर बाजूला,” आई मला म्हणाली. “त्याच्या पुढ्यात उभी आहेस.”

मी सरले. आईनं तबक ओवाळलं, सावकाश, तीनदा, आणि अक्षता पाटावर पडल्या. मीरानं त्या पडताना बघितल्या आणि मग वर, पाटावर माणसाचं डोकं जिथे असतं तिथे बघितलं.

त्या संध्याकाळी आकाश उघडलं की नाही हे पाहायला मी टेकडीवर गेले नाही. फोटो ड्रॉवरमधून काढून आईच्या हातात दिला. तिनं त्यातलं माझं अर्धं कपाळ बघून वडिलांना एक शेलकी शिवी घातली. पाट कुणी उचलला नाही. दिवेलागण झाली, भात लावला, ताटं वाढली, आणि आम्ही तिघी त्या पाटाला वळसा घालून स्वयंपाकघरात ये-जा करत राहिलो.